गॅरेजची पोस्ट: पाय कुठं ठेवू?

मागच्या महिन्यात एका उत्तराच्या शेवटी सहज लिहून गेलो होतो, की कंबर दुखते म्हणून हँडल बदलायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी ‘बसून दाखव, पाय कुठं ठेवतोस ते बघू’ म्हणतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की बायको म्हणाली आता पोस्टमनला रोज चहा पाजावा लागणार. म्हणून या खेपेला मायलेज, ऑईल, चेन सगळं बाजूला. फक्त फूटरेस्ट. नेहमीसारखी गावं छापतोय, नावं नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतातच.

प्रश्न : ऐसपैस बसता येतं म्हणून दोन वर्षांपूर्वी पाय पुढं सोडून चालवायची क्रूझर घेतली. शहरात मजा येते. पण महिन्यातून एकदा गुहागरला आईकडे जातो, तेव्हा पाटण गाठेपर्यंत माकडहाड बोलायला लागतं आणि घाटात तर रडूच येतं. आमचा मेकॅनिक म्हणतो, मागचे शॉकअप बदला, गॅसचे टाका. टाकू का? (पुणे)

शॉकअपचे पैसे आत्ता खिशात ठेवा. आधी घरात एक प्रयोग करा, फुकटचा आहे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या. तिच्यावर बसा, पाय पुढं लांब सोडा, टाचा फरशीवर. आता हात कुठंही न लावता उठून दाखवा. नाही ना जमत? आता पाय ओढून घ्या, पावलं गुडघ्यांच्या खाली किंवा जराशी मागं. अंग थोडं पुढं झुकवून उठा. उठलात.

तुमच्या गाडीची फूटरेस्टं पहिल्या जागी आहेत, साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची दुसऱ्या जागेच्या आसपास. फरक एवढाच, पण सगळं दुखणं त्यातच आहे. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत पायावर जोर देऊन बूड दोन बोटं उचलतो. दणका मांड्यांमध्ये जिरतो. पाय म्हणजे गाडीचा तिसरा शॉकअप, आणि त्याला कंपनी पैसे लावत नाही. क्रूझरवर तुम्ही बूड उचलूच शकत नाही. उचलायला गेलात तर हँडलला लोंबकळावं लागेल. म्हणजे मागच्या चाकाला बसलेला गचका शॉकअपनं जेवढा गिळला तेवढा गिळला, उरलेला सीटमधून थेट मणक्यात. शिवाय पाय पुढं गेले की कमरेचं हाड मागं कलंडतं, पाठीचा नैसर्गिक बाक जातो, आणि बसणं हाडांच्या दोन टेकूंवरून सरकून माकडहाडावर येतं. वर ताशी ८० ला छातीवर वारा. तो अंगाला मागं ढकलतो, पाय अडवायला खाली नाहीत, मग दंड ओढून धरतात. तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरी पोचल्यावर खांदेही भरून येत असणार.

गाडी वाईट नाही. सपाट, सरळ, लांबच्या रस्त्यावर तिच्यासारखी बैठक नाही. कुंभार्ली घाट सपाटही नाही आणि सरळही नाही, एवढाच तुमचा तिचा वाद आहे.

करायचं काय? एकटे जात असाल तर मागच्या शॉकअपची कॉलर एक घर सैल करा, डबलसीटसाठी घट्ट करून ठेवलेली असते. सीटच्या मागच्या चढाला कंबर टेकवून बसा, मध्ये पोकळी ठेवू नका. तासाला एकदा उतरून शंभर पावलं चाला. आणि खड्डा तुम्हाला दुसऱ्यांच्या आधी दिसला पाहिजे, कारण तुमच्याकडं उपाय एकच: वेग कमी करणं. एवढं करूनही दुखलं तर मग शॉकअपचं बघू. काही गाड्यांसाठी फूटरेस्ट थोडं मागं आणणारी ब्रॅकेटं मिळतात, पण त्याबरोबर ब्रेक आणि गिअरचे दांडे हलवावे लागतात. ते काम किती नाजूक, ते पुढच्या उत्तरात वाचा.

एक करू नका. पाय अवघडले म्हणून लेगगार्डवर टाकून चालवणारे हायवेला रोज दिसतात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पळते. लेगगार्डवरचा पाय ब्रेकवर यायला अर्धा सेकंद धरला तरी ८ मीटर गेले. उंब्रजच्या आसपास म्हशीला तेवढे पुरतात.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे २०० सीसीची नेकेड बाईक आहे, म्हणजे पुढं प्लास्टिकचं आवरण नसलेली. रिअरसेट फूटरेस्ट ऑनलाईन मिळतायत, वर आणि मागं जातात. रेसिंगवाले तसेच वापरतात म्हणजे कंट्रोल वाढत असणार. बसवून द्याल का? आणि पायानं दाब देऊन गाडी वळवायची टेक्निक म्हणतात ती खरी का? (सांगली)

बाळा, बसवून देणार नाही. पण का नाही ते नीट सांगतो, नाहीतर तू दुसरीकडे जाऊन बसवशील.

रेसवाले फूटरेस्ट वर आणि मागं का नेतात? गाडी खूप कलली की फूटरेस्ट जमिनीला घासतं, ते टाळायला. आणि अंग टाकीवर आडवं करता यावं म्हणून. आता हिशोब कर, तुला त्रिकोणमिती येते. धर, फूटरेस्टचं टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटर बाहेर आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आहे. गाडी साधारण ३७ अंश कलली की ते टेकतं. शॉकअप दबतात ते सोडून देऊ, कागदावरचा हिशोब आहे. तू फूटरेस्ट २५ मिलिमीटर वर नेलंस तर ३९ अंश. दोन अंश मिळाले. आंबा घाटात, वळणावर वाळू आणि ट्रकचं डिझेल सांडलेलं असताना, ते दोन अंश तू कुठं वापरणार आहेस?

त्या दोन अंशांच्या बदल्यात काय दिलंस ते बघ. गुडघा जास्त मुडपला. अंग पुढं झुकलं आणि धडाचा भार मनगटांवर आला. ट्रॅकवर पोरं तो भार मांड्यांनी टाकी आवळून आणि वाऱ्याच्या रेट्यावर पेलतात. सांगलीच्या बाजारपेठेत ताशी २० ला वारा नसतो. मनगटावर भार असला की हँडल घट्ट धरलं जातं, आणि घट्ट धरलेल्या हँडलची गाडी वळायला नाखूष असते. म्हणजे कंट्रोलसाठी केलेल्या खर्चात कंट्रोलच गेला.

पायाच्या दाबाचं खरं किती? कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलच्या कीथ कोड यांनी यासाठीच एक गाडी बनवली होती. तिला नेहमीच्या हँडलखेरीज दुसरं एक हँडल थेट चेसीला जाम बसवलेलं, म्हणजे ते धरलं की पुढचं चाक वळवताच येत नाही. ते धरायचं आणि फक्त फूटरेस्ट दाबून, अंग टाकून वळायचं. गाडी थोडी रेंगाळते, एका बाजूला ओघळते, पण ठरवून, झटकन वळत नाही. गाडी वळते हँडलनं. डावीकडं जायचं तर डावी मूठ हलकेच पुढं ढकलायची. उलटं वाटतं, पण तू रोज तेच करतोस, फक्त तुला माहीत नाही.

मग वळणात फूटरेस्टचा उपयोग नाही? आहे, मोठा आहे, पण आडवळणानं. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय फूटरेस्टवर रोव, त्याच बाजूची मांडी टाकीला लाव. अंग गाडीला अडकलं. आता तोल सांभाळायला हाताची गरज उरत नाही, हात मोकळे झाले, हँडल हलकं झालं. पायाचा कंट्रोल म्हणजे हात रिकामे करणं. हे तुझ्या आहे त्या फूटरेस्टवर फुकट जमतं.

आता माझी फजिती, कारण हा शहाणपणा मी पुस्तकातून घेतलेला नाही. १९९३ साली माझ्याकडे यामाहाची आरएक्स १०० होती आणि मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो. लेथवाल्याकडून स्वतःच्या डोक्यानं रिअरसेट बनवून घेतले. फूटरेस्ट मागं गेलं तसा गिअरचा दांडाही मागं आणावा लागला, मध्ये एक सळई घालून जोडला. सळई जोडताना गिअरच्या शाफ्टवरचा छोटा दांडा वरच्या अंगाला हवा होता, तो मी खालच्या अंगाला ठेवला. याचा अर्थ असा, की गिअरचा पॅटर्न उलटा झाला. गॅरेजच्या दारात दोन फेऱ्या मारल्या, कळलं होतं, म्हटलं होईल सवय. कोयनेच्या पुढं एका चढावर, मागं मित्र बसलेला, समोर एसटी, वरचा गिअर टाकायला गेलो आणि खालचा पडला. इंजिन किंचाळलं, मागचं चाक घासत आडवं आलं. पडलो नाही, ते मित्राच्या पुण्याईनं. तो उतरला आणि चिपळूणपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर बसून गेला. ते रिअरसेट पुढं कित्येक वर्षं गॅरेजच्या दाराला कडी म्हणून वापरले.

आणि एक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदात लिहिलेल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. पोलीस फूटरेस्ट मोजत बसणार नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघात झालाच तर समोरचा वकील मोजेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा २२ किलोमीटरवर, रस्ता गावातला, म्हणून स्कूटर सोडून गेल्या वर्षी १०० सीसीची जुनी मोटरसायकल घेतली. गाडी आवडते. पण उजव्या पायाची नडगी पुढच्या बाजूनं दुखते, फक्त उजवीच. डॉक्टर म्हणाले चालणं जास्त होतंय का? मी तर गाडीवर बसून असते! (सिन्नर तालुका)

ताई, तुमच्या पत्रातला ‘फक्त उजवीच’ हा शब्द मला पंचवीस एक्स-रेंपेक्षा जास्त सांगून गेला.

उद्या गाडी मधल्या स्टँडवर लावा, शाळेचेच बूट घाला आणि बसा. उजवं पाऊल फूटरेस्टवर, सैल, झोपेत असल्यासारखं ठेवा. मुलीला किंवा शेजारणीला बाजूला बसवून बघायला सांगा, ब्रेकचं पायडल बुटाच्या तळव्याच्या वर आहे, बरोबरीला आहे की खाली? माझी पैज आहे की ते वर निघेल. म्हणजे ब्रेक लागू नये म्हणून तुम्ही २२ किलोमीटर जाताना आणि २२ येताना पावलाचा पुढचा भाग अधांतरी उचलून धरताय. चवडा वर ओढून धरणारा स्नायू नडगीच्या पुढच्या अंगाला असतो. दिवसाला तास-सव्वा तास तो एकटा राबतोय.

पाऊल कंटाळून खाली आलं की काय होतं? ब्रेक किंचित लागून राहतो. मागच्या चाकाचा ड्रम गरम होतो, लायनर झिजतात, मायलेज घसरतं. शाळेत पोचल्यावर मागच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, नुसती जवळ. धग लागली तर माझं निदान पक्कं.

उपाय तासाभराचा. तुमच्या मेकॅनिकला हे दाखवा, क्रम चुकू देऊ नका. पायडलच्या खुंटाजवळ बहुतेक गाड्यांना एक छोटा बोल्ट आणि त्यावर लॉकनट असतो, तो पायडलची विश्रांतीची उंची ठरवतो. लॉकनट सैल करून पायडल इतकं खाली घ्या, की सैल ठेवलेल्या बुटाचा तळवा पायडलच्या अगदी वर, एखादं पुस्तक सरकेल एवढ्या फटीवर राहील. मग मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या सळईचा नट. पायडल दाबायला सुरुवात केल्यापासून ब्रेक धरेपर्यंत २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे. कमी ठेवली तर ब्रेक चिकटेल, जास्त ठेवली तर ऐनवेळी पायडल खालीच जात राहील. तिसरं काम सगळे विसरतात: ब्रेकच्या दिव्याचा स्विच. पायडल खाली आलं की स्प्रिंग ताणली जाते आणि मागचा लाल दिवा दिवसभर पेटून राहतो. मागच्याला कळतच नाही तुम्ही कधी थांबताय. स्विचचा नट फिरवायचा, स्विच स्वतः फिरवायचा नाही, नाहीतर वायरीला पीळ पडतो.

हे काम ड्रम ब्रेकचं. मागं डिस्क असलेल्या गाडीत पायडलची सळई थेट मास्टर सिलिंडरमध्ये जाते, तिथं जरासुद्धा चाल न ठेवता कुणी आवळलं तर ब्रेक तापून स्वतःच लागतो. ते जाणत्याकडूनच करून घ्यावं.

डाव्या पायालाही एकदा बघून घ्या. गिअर टाकताना अख्खा पाय उचलावा लागत असेल तर दांडा शाफ्टवर एक दाता मागं-पुढं बसवता येतो. त्याचा बोल्ट नुसता ढिला करून दांडा निघत नाही, बोल्ट पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून जातो. हातोडा मारणारा मेकॅनिक दिसला तर गाडी घेऊन परत या.

जुनी गाडी घेताना आपण टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. आधीच्या मालकाचे पाय केवढे होते ते कुणी विचारत नाही.

प्रश्न : उंची ६ फूट १ इंच. गाडी सव्वाशे सीसीची, नऊ वर्षं झाली, रोज ४० किलोमीटर. गेल्या वर्षभरात दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या दुखायला लागल्या. फूटरेस्ट खाली घेणारी ब्रॅकेट वेल्डिंगवाला करून देतो म्हणतो, दोन इंच. करून घेऊ? (वाई)

आधी मला एक सांगा. गाडी नऊ वर्षं वापरताय, दुखणं वर्षभराचं. या नऊ वर्षांत तुम्ही वाढला नाहीत, फूटरेस्ट वर चढलं नाही. मग मधलं काय बदललं?

सीट. फोम बसला. वरून कव्हर टकाटक दिसतं, कारण ते तुम्ही तीनदा बदललं असेल, पण आतला फोम तोच. माझ्याकडं मागच्या पावसाळ्यात तुमच्याच उंचीचे एक गिऱ्हाईक आले होते, अशीच तक्रार. मी गवंड्याचा ओळंबा आणि सुताराचा गुण्या घेऊन बसतो, लोक हसतात. त्यांना गाडीवर बसवलं, गुण्या गुडघ्याला लावला तर कोन काटकोनाच्याही बराच आत. मग सीट काढली, कव्हर उचकटलं. बसायच्या जागी फोमला हाताच्या ओंजळीएवढा खळगा, कडेच्या फोमपेक्षा पाऊण इंच खोल. बोटानं दाबला तर खाली पत्रा लागला.

आता हिशोब बघा. उंच माणसाची मांडी आणि नडगी प्रत्येकी ४५ सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर सीट २५ मिलिमीटर वर आली की गुडघा सुमारे ४ अंशांनी उघडतो. फूटरेस्ट तेवढंच खाली घेतलं तरी तेच ४ अंश. गुडघ्याला दोन्ही सारखंच. पण फूटरेस्ट खाली घेतलं की मघाच्या सांगलीच्या पोराच्या हिशोबानं अडीच अंश कल कमी झाला, म्हणजे पसरणीच्या वळणात ते लवकर घासणार. दोन इंच घेतलंत तर पाचेक अंश. शिवाय वेल्डिंगची ब्रॅकेट. तुमच्या अख्ख्या वजनाचा दणका खड्ड्यात त्या एका टाक्यावर. सीट वाढवली तर यातलं काहीच होत नाही, फक्त पाय जमिनीला कमी टेकतात, आणि ६ फूट १ इंचाला त्याची फिकीर नाही.

खर्च करण्याआधी घरातलं चवाळं घ्या. दोन-तीन घड्या, साधारण इंचभर जाड, सीटवर घट्ट बांधा, टोकं चेनमध्ये जाणार नाहीत असं बघा. दोन दिवस तसेच जा. लोक विचारतील, सांगा मूळव्याध आहे. गुडघे हलके वाटले तर सीटवाल्याकडून नवा, कडक फोम भरून घ्या. मऊ सांगू नका, मऊ फोम दुकानात छान लागतो आणि पाचवडला पोचेपर्यंत बसतो. पुढचा उतार कमी करायला सांगा, नाहीतर ब्रेक मारला की घसरून टाकीवर जाल आणि गुडघे पुन्हा तिथंच. सीट वर आली की ताईंना सांगितली तशी पायडलची उंची तपासून घ्या, पाय आता वेगळ्या कोनातून येतो.

प्रश्न : रॉयल एनफिल्डची हिमालयन घेऊन लडाखला निघालोय. फूटरेस्टचं रबर काढावं म्हणतात. आणि उभं राहून चालवलं की गुरुत्वमध्य खाली येतो म्हणून गाडी स्थिर होते, हे खरं ना? (ठाणे)

रबर चिखलासाठी काढायचं, खालचे लोखंडी दाते बुटाला धरतात. डांबरावर पुन्हा घाला, नाहीतर थरथरीनं तळवे मुंग्या येऊन बधिर होतील.

गुरुत्वमध्याचं मात्र खोटं आहे, कितीही जणांनी सांगितलं तरी. तुम्ही उभे राहिलात म्हणजे तुमचं ७०-८० किलोचं अंग वर गेलं, दोघांचा मिळून गुरुत्वमध्य वरच सरकला. फायदा वेगळाच आहे. बसलेले असता तेव्हा तुम्ही आणि गाडी एकच गाठोडं. गाडी उडाली की तुम्हीही उडता. उभे असता तेव्हा गाडी खाली नाचते, गुडघे-घोटे ते गिळतात, अंग वर शांत राहतं. पण उभं राहायचं ते गुडघे जरा वाकवून, टाकी मांड्यांत धरून. हँडलला ओढून उभे राहत असाल तर खाली बसा. आणि उभे राहिल्यावर ब्रेकवर पाय पोचतो का, ते लेहमध्ये नव्हे, ठाण्यातच बघा.

प्रश्न : मागच्या बाजूचं फूटरेस्ट सैल पडतंय, सारखं मिटतं. वेल्डिंग करून कायमचं बाहेर ठेवू का? (चंदगड)

नको. फूटरेस्ट मिटतं हा दोष नाही, त्याचं कामच ते आहे. गाडी कलंडली किंवा काही लागलं तर ते मिटायला हवं, नाहीतर जमिनीत रुतून अख्ख्या गाडीला उचलून टाकतं. आतली वायसर आणि छोटी स्प्रिंग झिजली असेल, ती बदला, चहाच्या पैशांत होतं. आणि काढून तर मुळीच टाकू नका. मागं माणूस बसवायचा तर फूटरेस्ट, धरायची पक्की मूठ आणि मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी, तिन्ही केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे सक्तीची आहेत. आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच, साडी असो वा पँट.

प्रश्न : मी दूध घालतो. मागं दोन्हीकडं ४० लिटरचे कॅन. टाच कॅनला घासते म्हणून पाऊल वाकडं ठेवावं लागतं, उजव्या पायानं ब्रेक नीट दाबत नाही. कॅरिअर चार इंच मागं घेऊ का? (मसूर)

भाऊ, कॅरिअर मागं घेऊ नका. दोन भरलेले कॅन म्हणजे ८० किलोच्या वर, ते मागच्या धुरीच्या जितके मागं जातील तितकं पुढचं चाक हलकं होईल. आत्ताच ओल्या रस्त्यावर हँडल डुलत असेल तुमचं. चार इंच मागं गेलं तर नाचेल. दूध कमी न्या असं सांगणं मला सोपं आहे, तुमचा हप्ता मी भरत नाही, म्हणून ते सांगत नाही.

पाऊल कसं ठेवता ते लिहिलं नाहीत, पण मसूर-उंब्रज भागातले निम्मे दूधवाले मी बघतो, सगळे चवड्यावर ठेवतात. चवडा फूटरेस्टवर म्हणजे टाच मागं वीतभर बाहेर. ती कॅनला लागणारच. पाऊल पुढं सरकवा, फूटरेस्ट पावलाच्या मधल्या खळग्यात घ्या. टाच तीन-साडेतीन इंच पुढं येते. मोकळी झाली.

आता चवडा पायडलच्या पुढं जाईल, म्हणून वर सिन्नरच्या ताईंना सांगितलं ते काम तुम्हालाही करावं लागेल, पायडल थोडं खाली. डावीकडं टाचेनं दाबायचा मागचा गिअरदांडा आड येत असेल तर शाफ्टवर एक दाता फिरवून बघा. आणि चप्पल सोडा. चपलेची टाच मागं लोंबते, कॅनच्या कडीत अडकते. पुढच्या वेळी कॅन घ्याल तेव्हा बुटके-जाडे न घेता उंच-बारीक घ्या.

कराडला दूध घालून परत जाताना रिकामे कॅन असतील तेव्हा गॅरेजवर या. सकाळी नऊपर्यंत पोरगा एकटाच असतो, त्याला सांगून ठेवतो. १० नंबरचा पान्हा लागेल, वीस मिनिटं.